मुधोळकर सरांची पद्धत

पाकीट कॉलेजातून आलं होतं. खाकी, जाड, वर गोल शिक्का. एक्स-रे काढणाऱ्या नागनाथनं ते टेबलावर ठेवलं आणि तो डार्करूममध्ये गेला, तेव्हा चिंतामणीनं आधी उठून खिडकीचा पडदा ओढला, मग खणातलं भिंग काढलं, दाराकडे एकदा पाहिलं आणि पाकीट फोडलं. त्र्याण्णवचा ऑक्टोबर होता. आदिलाबादहून जैनथकडे जाणाऱ्या रस्त्यावर ऊन असं पांढरं पडलं होतं की पडदा ओढल्याशिवाय त्याला टेबलावरचा स्वतःचा हातही धड दिसला नसता. आत चोवीस कागद निघाले. कॉलेजातली शिकाऊ डॉक्टर मुलं सहा-सहाच्या गटानं दोन-दोन महिने या दवाखान्यात राहायला येत आणि वर्षाच्या शेवटी कॉलेज त्यांना विचारी, कुठल्या विभागात काय शिकलात, शिकवणारा कसा वाटला, पाचांपैकी किती गुण द्याल. चिंतामणी मुधोळकर हा पैनगंगा आरोग्य मंडळाच्या या दवाखान्यातला एक्स-रेचा एकुलता एक डॉक्टर. आधीच्या दोन वर्षांचे कागद त्याला पाठ होते. दोन गुण, दीड गुण, दोन. एकानं लिहिलं होतं, ‘सर फार विद्वान आहेत. आम्हाला काही कळलं नाही.’ ते वाक्य तो वर्षभर जिभेखाली ठेवून होता. आज भिंग अक्षरांवरून सरकवत तो एकेक कागद बाजूला करत गेला आणि त्याच्या मानेवर घाम आला. पाच. पाच. साडेचार. पाच. ‘फिल्म कशी बघायची हे आम्हाला पहिल्यांदा इथं समजलं.’ ‘सर स्वतः काही सांगत नाहीत, आमच्याकडून सगळं वदवून घेतात. असं कोणी शिकवलेलं नाही.’ पाकिटाच्या तळाशी प्राचार्यांचं पत्र होतं. आपली अध्यापनाची पद्धत दोन पानांत लिहून कळवावी आणि जानेवारीत येऊन इथल्या शिक्षकांपुढे एक तास घ्यावा. चिंतामणीनं भिंग खाली ठेवलं. त्याला चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं, आणि पकडणाऱ्यांनी गळ्यात हार घातला होता.

कारण पद्धत नव्हतीच. त्याला दिसत नव्हतं.

सुरुवात नेमकी कधी झाली हे तो अनेकदा आठवून पाहायचा. मागच्या दसऱ्यानंतर निर्मलहून परत येताना घाटात समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे एकदम पसरले आणि सगळी काचच उजेडानं भरून गेली, तेव्हा त्यानं गाडी बाजूला घेतली होती आणि पद्मिनीला, त्याच्या बायकोला, म्हणाला होता, काच धुवायला पाहिजे. काच दुसऱ्या दिवशी धुतली. मग संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी त्यानं व्ह्यू बॉक्स लावला, म्हणजे मागून ट्यूबलाइट असलेली ती दुधी काचेची पेटी, तिच्यावर छातीची फिल्म अडकवली आणि फिल्मच्या जागी नुसता उजेड दिसला. फासळ्या होत्या, हृदयाची कड होती, पण सगळ्यावर कोणीतरी भिजलेलं धोतर वाळत घातल्यासारखं. मान तिरपी केली की थोडं दिसे, पेटीच्या कडा पुठ्ठ्यांनी झाकल्या की आणखी थोडं. हे काय आहे ते त्याला लगेच कळलं होतं. डॉक्टरला स्वतःचा आजार कळायला वेळ लागत नाही, कबूल करायला लागतो. मोतीबिंदू, तोही भिंगाच्या मागच्या बाजूचा, उजेडात जास्त छळणारा. बावन्नाव्या वर्षी. तो कुठून आला हेही त्याला ठाऊक होतं. सत्तर साली हैदराबादेत शिकताना तासन्‌तास अंधाऱ्या खोलीत एक्स-रे चालू ठेवून उजळत्या पडद्यासमोर उभं राहून पोटांचं स्क्रीनिंग करायचं, डोळ्यांना अंधाराची सवय राहावी म्हणून मध्ये लाल चष्मा लावून कॉरिडॉरमध्ये हिंडायचं, आणि शिशाचं ॲप्रन घालायचं छातीला. डोळ्यांपुढे काही नसायचं. त्या लाल चष्म्यांचा त्यांना तेव्हा केवढा डौल वाटे. कँटीनमध्ये लाल चष्मा लावून गेलं की बाकीची मुलं वाट सोडत. त्या वयात कोणी सांगितलं असतं की बाबा, हा पडदा तुझे डोळे खाऊन राहिला आहे, तर तो हसला असता.

आणि तोपर्यंतचं त्याचं सगळं आयुष्य नजरेवर उभं होतं. नजर म्हणजे मुधोळकरांची, असं लोक म्हणत. नांदेडचे, यवतमाळचे डॉक्टर फिल्मा पाठवून विचारत. फिल्म पेटीवर लागायच्या आत त्याच्या तोंडून उत्तर निघे. मुलांनाही तो तसंच शिकवी. हे पाहा, हा डाग, ही रेघ, हे हृदय मोठं, दिसलं ना? दिसलं सर. पुढची. एका तासात तीस फिल्मा. मुलं माना डोलवत आणि त्याला मनातून ठाऊक असे की यांना दिसलेलं नाही. पण आपल्याला दिसतं याचाच आनंद एवढा होता की त्यानं तिकडे कधी लक्ष दिलं नाही. मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी सहा मुलं मागे उभी असताना त्यानं फिल्म लावली आणि काहीच दिसेना. मुलं वाट पाहत होती. ट्यूबलाइटचा बारीक गुणगुण आवाज येत होता. त्याच्या तोंडातून निघालं, “आज तुम्ही सांगा. वरून खाली. एकही गोष्ट सोडायची नाही.” एक मुलगा चाचरत सुरू झाला. चिंतामणी त्याच्या शब्दांवरून मनात फिल्म रंगवू लागला. छातीखालच्या उजव्या पडद्याचा कोन कसा आहे? धारदार की बोथट? त्याच्या आतली रेघ कुठून कुठं जाते? बोटानं नको, तोंडानं सांग. प्रश्नामागून प्रश्न, कारण प्रश्न विचारल्याशिवाय त्याला चित्र मिळत नव्हतं. वीस मिनिटांनी त्या मुलानं स्वतःच निदान सांगितलं आणि ते बरोबर होतं. मुलाचा आवाज बदलला होता. चिंतामणीनं रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाला, “ठीक. पुढची.” त्या दिवशी एका तासात तीनच फिल्मा झाल्या होत्या. तेव्हापासून रोजची सकाळ अशीच गेली. मुलं बोलत, तो ऐके, आणि त्यांच्या बोलण्यावरून तो रिपोर्ट लिहून टाकी. दुपारी मुलं वॉर्डात गेल्यावर उरलेल्या फिल्मा तो एकटा बघे, पुठ्ठे लावून, मान वाकडी करून, भिंग घेऊन. ती दुपार त्याला नकोशी वाटे. बघून झाल्यावर खुर्चीत बसून तो डोळे चोळी आणि स्वतःला सांगे, वीस-बावीस वर्षांचा अनुभव आहे, अंदाज चुकत नाही.

ऑपरेशन का केलं नाही, याचं उत्तर बासरच्या वाटेवरच्या एका गावात होतं. त्याचे वडील निजामाच्या काळात तहसिलीत पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद मांडणारे कारकून. आयुष्यभर फर्मानं आणि मिसली वाचलेला माणूस. अठ्ठावन्न साली शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं, तिथं त्यांनी उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं, आणि तो डोळा गेला. पू झाला, मग पांढरा झाला, मग नुसता खड्डा राहिला. सतरा वर्षांचा चिंतामणी त्यांना कागद वाचून दाखवायचा आणि ते म्हणायचे, “दोनी अंधुक होते तेच बरं होतं रे.” आता शस्त्रं बदलली, आत भिंग बसवतात, चार दिवसांत माणूस कामाला लागतो, हे सगळं त्याला माहीत होतं. तो स्वतः पेशंटांना सांगायचा. पण रात्रंदिवस आतून तो पेशकाराचा मुलगा होता.

त्या संध्याकाळी त्यानं प्राचार्यांच्या पत्राला उत्तर लिहायला घेतलं. ‘माझी पद्धत अशी’ एवढे तीन शब्द झाले आणि पेन थांबलं. पद्मिनी चहा ठेवून गेली. जाताना तिनं कपाचा कान त्याच्या हाताकडे वळवला. हे ती किती दिवसांपासून करते आहे, हे त्याच्या त्या क्षणी लक्षात आलं, आणि कपाला हात लावायचंही त्याला सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा दिवसांपूर्वी आलेला गट उभा होता. त्यात सुभद्रा नावाची निर्मलची एक मुलगी होती, मास्तरांची लेक, किडकिडीत, पण आवाज खणखणीत. तेलुगू, इंग्रजी, मराठी अशा तिन्हींच्या मिसळीत वर्ग चाले, पण ती त्याच्याशी आवर्जून मराठीत बोले. तिनं छातीची फिल्म वरून खालपर्यंत सांगितली, स्वच्छ, न घाबरता. चिंतामणीच्या मनात चित्र पूर्ण झालं. तो म्हणाला, “छान.” मग ती म्हणाली, “सर, एक विचारू? आम्ही रोज सांगतो. तुम्हाला काय दिसतं, ते एकदा सांगा ना. आम्ही किती सोडतो ते तरी कळेल.”

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. साधी शिकण्याची हाव होती. तो पेटीसमोर उभा राहिला. सांगता आलं असतं. तिनं सांगितलेलंच दोन मोठ्या शब्दांची भर घालून परत सांगितलं असतं तर सहाही जणांनी माना डोलावल्या असत्या. त्यानं तोंड उघडलं. समोर तो पांढरा, धुमसता चौकोन होता. त्याला टेबलाच्या खणातले चोवीस कागद आठवले, त्यातलं ते ‘सर स्वतः काही सांगत नाहीत’, आणि अचानक त्याला फार थकवा आला, बस चुकू नये म्हणून पळणारा माणूस मध्येच उभा राहतो तसा.

“मला काही दिसत नाही,” तो म्हणाला.

मुलांना वाटलं, फिल्ममध्ये काही नाही असं सर म्हणतात. एकजण पुढे वाकून पाहू लागला.

“फिल्मचं नाही म्हणत. माझे डोळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दहा महिने झाले. तुम्ही सांगता तेवढंच मला दिसतं.”

एक उंच मुलगा स्टुलावर बसला. चिंतामणी वाट पाहत होता तिरस्काराची, निदान कुजबुजीची. सुभद्रा फिल्मकडे बघत होती, मग त्याच्याकडे.

“म्हणजे रोज आम्ही सांगत होतो त्यावरून रिपोर्ट जात होते?”

“हो.”

“अन् ते बरोबर होते?”

“मला वाटतं, होते. पण वाटतं म्हणून चालणार नाही.”

“बरं झालं आधी नाही सांगितलं सर,” ती म्हणाली. “भीतीनं माझं तोंडच उघडलं नसतं.”

मुलं गेल्यावर डार्करूमचं दार करकरलं. नागनाथ दारात उभा. अठरा वर्षं तो इथं एक्स-रेचे फोटो काढत होता. जैनथकडचा माणूस, घरी कपाशी, इथं नोकरी. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“मले मालूम होतं सर,” तो म्हणाला. “सहा-सात महिने झाले.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“काऊन सांगू? तुमी साहेब, मी फोटो काढनारा मानूस. म्हून निशानी करून राह्यलो होतो. जिथं मले काही वाटलं, त्या फोटोच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं बारीक टिकली. म्हटलं, साहेबाचं ध्यान जाईन.”

चिंतामणी म्हणाला, “नागनाथ, त्या टिकल्याच मला दिसल्या नाहीत.”

नागनाथला हे कधी सुचलंच नव्हतं. त्याचं तोंड उघडं राहिलं, आणि मग तो हसला, आवरायला गेला पण आवरेना, आणि चिंतामणीही हसला, भिंतीला हात टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पुष्कळ दिवसांत तो इतका हसला नव्हता. हसू ओसरलं तेव्हा दोघांच्याही मनात तेच आलं होतं. त्या टिकल्या असलेल्या फिल्मा.

दवाखान्याचे प्रमुख व्यंकटेशसाहेब शांत माणूस म्हणून ओळखले जात. त्या दिवशी चिंतामणीनं जाऊन सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पेपरवेट टेबलावर आपटला. “दहा महिने! मुधोळकर, दहा महिने तुम्ही लोकांच्या जिवाशी खेळलात.” चिंतामणीनं काही सफाई दिली नाही. खेळलो, असं त्यालाही वाटत होतं. त्याचे रिपोर्ट त्याच क्षणी थांबले. जानेवारीपासूनच्या सगळ्या फिल्मा पुन्हा बघायच्या ठरल्या. इथं फिल्म पेशंटला देत नसत, रेकॉर्डच्या खोलीत पाकिटात ठेवत, त्यामुळे सगळ्या होत्या. बघायला नांदेडहून भगवंतराव आले, चिंतामणीच्याच वर्गातले एक्स-रेचे डॉक्टर, कमी बोलणारे, जिभेवर सुपारी ठेवून काम करणारे. चार दिवस. सतराशे फिल्मा. सुभद्रा आणि बाकीची मुलं पाकिटं काढून देत आणि जुना रिपोर्ट वाचून दाखवत.

चिंतामणी खोलीच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसे. त्याला कोणी बसायला सांगितलं नव्हतं; जा असंही कोणी म्हणालं नाही. पाकिटाचा कागद फाटल्याचा आवाज, फिल्म हवेत हलल्याचा तो पत्र्यासारखा आवाज, क्लिप, मग शांतता. त्या शांततेची लांबी तो मोजू लागला. दोन श्वास झाले की भगवंतराव म्हणत, “बरोबर.” कधी चार श्वास. कधी सहा, आणि तेव्हा चिंतामणीच्या तळहाताला घाम फुटे. इतकी वर्षं तो त्या पेटीच्या अलीकडे उभा होता. पलीकडे, पाकिटातल्या माणसांच्या बाजूला, कधी बसलाच नव्हता. नावं वाचली जात तेव्हा त्याला माणसं आठवत नसत, हाडं आठवत. या नावाचं मनगट, त्या नावाची कंबर. देवकाबाई म्हणजे बरगडीची जुनी मोड. त्याला स्वतःचीच शरम वाटली आणि तिसऱ्या दिवशी तो नाव ऐकलं की चेहरा आठवायचा प्रयत्न करू लागला. एकही चेहरा येईना.

चौथ्या दिवशी दुपारी भगवंतरावांनी हात धुतले आणि त्याच्यासमोर स्टूल ओढलं. “ऐक. सकाळच्या, पोरांबरोबर बघितलेल्या, सहाशे चाळीस. त्यात चुका दोन, दोन्ही किरकोळ. एवढ्या तर माझ्याही निघतील. आणि तुझ्या एकट्याच्या हजारावर. त्यात अकरा.” त्यांनी सुपारी गालात सरकवली. “अकरांतल्या दहा आपोआप बऱ्या झाल्या, नाहीतर दुसऱ्या कोणी पकडल्या. एक राहिली.”

“कोण?”

“बयनाबाई. मे महिन्यातली. उजव्या फुप्फुसाचं टोक, गळ्याच्या हाडाखाली. क्षय. तू लिहिलंस, स्वच्छ.” मग त्यांनी विचारलं, “फिल्मच्या कोपऱ्यात लाल टिकली आहे. कोणाची खूण ती?”

नागनाथ पेटीजवळ उभा होता. तो जमिनीकडे बघू लागला.

बयनाबाईचं गाव जैनथच्या पुढे, नदीच्या अलीकडे. जीप पाठवतो, व्यंकटेशसाहेब म्हणाले. चिंतामणी म्हणाला, मी जातो. नागनाथबरोबर. जैनथपर्यंत दवाखान्याच्या जीपनं आणि पुढे गाडीवाटेनं पायी. दोन्हीकडे कपाशी फुटली होती आणि ऊन त्या पांढऱ्यावर आपटून वर येत होतं. चिंतामणीला सगळं एकच पांढरं दिसत होतं. तो नागनाथच्या सदऱ्याचा रंग धरून चालत होता. मे ते ऑक्टोबर. पाच महिन्यांत टोकावरचा डाग किती पसरतो, हे त्याला फार बारकाईनं माहीत होतं आणि ते माहीत असणं नको वाटत होतं. ती नसेल तर? हा प्रश्न त्यानं पूर्ण होऊ दिला नाही. पाय उचलत राहिला.

“हाये,” नागनाथ एकदम म्हणाला. “थे पाहा, वेचून राह्यली.” आणि लगेच, “तुमाले नाही दिसनार. चाला.”

ती चाळिशीची बाई होती. ओटीतला कापूस सोडून ती बांधावर आली आणि आधी खोकली. तो खोकला ऐकून चिंतामणीला एक विचित्र सुख वाटलं. खोकते आहे. उभी आहे. नागनाथनं ओळख करून दिली. चिंतामणीनं हात जोडले.

“बाई, मे महिन्यात तुमचा छातीचा फोटो काढला होता. तो स्वच्छ आहे असं मी लिहिलं. ते चुकलं. छातीत डाग होता. माझ्या डोळ्यांत दोष होता, आणि मी तो लपवला.”

ती पदरानं तोंड पुसत ऐकत होती. “तुमीच साफ हाय म्हटलं, म्हून आमी मंग दवाखाना सोडला,” ती म्हणाली. “देवाचं केलं. खोकला काई जाईना. मी म्हनो, फोटो साफ हाय तं मंग हे हाय काय?” रागही नव्हता, क्षमाही नव्हती, एक कोडं सुटलं एवढंच. मग तिनं विचारलं, “बरा होते का आता?”

“होतो. सहा महिने गोळ्या. एकही चुकवायची नाही.”

“अन् तुमचा डोया?”

“तसाच आहे अजून,” तो म्हणाला.

“दाखवा ना मंग,” ती म्हणाली. “मले गोया सांगता, अन् सोताचा डोया तसाच ठेवता?” आणि ती जीपपर्यंत यायला निघाली, वाटेत एका बाईला हाक मारून, सुनेला निरोप सांग म्हणून.

थुंकीची तपासणी आली, गोळ्या सुरू झाल्या. घरातल्या सगळ्यांचे फोटो काढले, नातवंडांचेसुद्धा. सगळे स्वच्छ, आणि ते भगवंतरावांनी पाहिले. दिवाळीनंतर बयनाबाई वजन करायला आली तेव्हा तिचं वजन दीड किलोनं वाढलं होतं. काट्यावरून उतरताना तिनं नागनाथला विचारलं, साहेब कुठं हाय. साहेब नागपूरला होते.

नागपूरच्या डॉक्टरनं बुबुळात उजेड टाकून पाहिलं आणि विचारलं, “स्क्रीनिंग पुष्कळ केलंत का?” एवढंच. ऑपरेशनच्या टेबलावर आडवं पडल्यावर चिंतामणीला वडिलांचा तो खड्डा दिसला, अगदी स्पष्ट, बाकी काही दिसत नसताना. त्यानं पद्मिनीचा हात शोधला. ती बाहेर होती, अर्थातच. एका नर्सची बोटं सापडली. तिनं ती काढून घेतली नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. समोरच्या खिडकीला निळा पडदा होता. त्याला रडूच आलं, कारण निळा असा असतो हे तो विसरला होता. कित्येक महिने सगळं जग पातळ चहाच्या रंगाचं होतं आणि त्याला ते कळलंही नव्हतं. पद्मिनीच्या केसांत पांढरे पुष्कळ वाढले होते. “काय बघताय एवढं?” ती म्हणाली. तो म्हणाला, “काही नाही. मागचं राहिलेलं बघतो आहे.” दुसरा डोळा डिसेंबरात झाला. तोही नीट झाला. मनात पेशकारांना त्यानं सांगून टाकलं, बाबा, झालं. मग पुष्कळ वर्षांत पहिल्यांदा त्याला ते डोळ्याशिवायही आठवले: धोतराचा सोगा धरून, ओट्यावर, पानाला चुना लावताना.

प्राचार्यांना त्यानं नागपूरहूनच उत्तर लिहिलं. दोन पानं झाली नाहीत, एक झालं. त्यात सगळं होतं, अकरा फिल्माही, बयनाबाईही. शेवटी लिहिलं, ‘पद्धत म्हणून एवढंच सांगता येईल की मला थांबावं लागत होतं. मुलांनी दिलेले गुण परत घ्यावेत असं आपल्याला वाटलं तर माझी हरकत नाही.’ हा विषय संपला, असं त्यानं गृहीत धरलं. आठ दिवसांनी कार्ड आलं. ‘डोळे बरे झाल्याचं वाचून आनंद झाला. गुण मुलांचे आहेत, मला परत घेता येत नाहीत. पत्र शिक्षकांना वाचून दाखवलं. जानेवारीची तारीख कळवावी.’ चिंतामणीनं ते भिंगाशिवाय वाचलं, मग उन्हात नेऊन पुन्हा वाचलं.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी तो कामावर रुजू झाला. सुभद्राचा गट परत गेला होता. नवी सहा मुलं उभी होती, कोरी, वह्या घेतलेली. नागनाथनं पहिली फिल्म अडकवली आणि पेटी लावली. फिल्मचा तो मूळचा निळसर रंग, काळ्याच्या किती छटा, फासळीच्या आतल्या बारीक जाळीपर्यंत सगळं एकदम अंगावर आलं. डाव्या फुप्फुसात पाणी. अर्धी छाती भरलेली. उत्तर जिभेवर आलं, आणि आवरायच्या आत बाहेर पडलं: “हे पाहा, डावीकडे पाणी. दिसलं ना?”

“दिसलं सर,” सहा आवाज म्हणाले. सहा पेनं वह्यांवर टेकली.

त्याला ते ‘दिसलं सर’ ओळखीचं वाटलं. त्यानं मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. आता ते दिसत होते. कोणालाही काही दिसलेलं नव्हतं. डोळे आले आणि पहिल्याच मिनिटाला आपण परत तिथंच, असं वाटून तो थोडा वेळ खजील उभा राहिला. मग तो चालत खिडकीशी गेला आणि पेटीकडे पाठ करून, बाहेर आवारात बघत म्हणाला, “मी बोललो ते खोडा. तुम्ही सांगा. वरून खाली. मी बघत नाही आहे.”

वह्यांचा आवाज झाला. कोणीतरी घसा खाकरला. एका मुलानं, आवाजावरून गावाकडचा वाटत होता, चाचरत सुरुवात केली. नाव, तारीख, बाजू. मग मान. मग गळ्याची हाडं. चिंतामणी ऐकत होता. आवारात कडुनिंबाखाली एक बाई लेकराला भाकर भरवत होती, आणि दोन रिक्षावाले भांडत होते, आणि हे सगळं त्याला दिसत होतं, आणि मागे तो मुलगा अडखळत पाण्यापर्यंत पोहोचायला निघाला होता. घाई नव्हती.

“डावा खांदा,” मुलगा म्हणाला आणि थांबला. “सर, इथं खांद्याच्या हाडाला... म्हणजे कडेला हाड खाल्ल्यासारखं आहे. का माझं चुकतं आहे?”

चिंतामणी वळला. पेटीजवळ गेला, वाकला. खांद्याच्या हाडाच्या कडेला, फिल्मच्या अगदी टोकाला, उंदरानं कुरतडावा तसा एक बारीक तुकडा नव्हता. पाणी पाहिल्यावर त्यानं पुढे बघितलंच नव्हतं. पाणी कशाचं होतं त्याचं उत्तर त्या कुरतडलेल्या कडेत असू शकत होतं, कदाचित कॅन्सर. या चकचकीत, नव्या, निळं ओळखणाऱ्या डोळ्यांनी ते सोडलं होतं.

घाबरायला हवं होतं; तो वाट पाहत राहिला, पण भीती आली नाही. उलट खांद्यावरचं ओझं कोणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवावं तसं त्याला हलकं वाटलं.

“चुकत नाही,” तो म्हणाला. “मला दिसलं नव्हतं.”

मुलगा वळून त्याच्याकडे बघू लागला. सर थट्टा करतात की काय, कळेना. चिंतामणीनं नागनाथचं स्टूल ओढलं, मुलांच्या रांगेच्या मागे ठेवलं आणि तिथं बसला.

“पुढं सांग,” तो म्हणाला. “सावकाश.”